पोल्ट्रीतलं वल्हं

आमच्या पोल्ट्रीत कोंबड्या उरल्या नाहीत त्याला बरीच वर्षं झाली. पण रोज एक अंडं पडावं तसा किस्सा मात्र पडतोच. चार म्हातारी माणसं एका मशीनभोवती जमल्यावर दुसरं काय होणार? एक ओढतो, तिघं बोलतात! मी किन्हवलीच्या शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेली बाई. मागच्या बाकावर काय कुजबुज चाललीय ते ऐकायची सवय जुनीच. तेव्हा आठवतील तसे सांगते.

मशीन म्हणजे रोइंग मशीन. खाली लांब रूळ, त्यावर मागंपुढं सरकणारी सीट, समोर पंखा, त्यावर मीटर मोजणारा डबा आणि साखळीला जोडलेली मूठ. पाय पट्ट्यांत अडकवून मूठ ओढायची, की नाव वल्हवल्याचा व्यायाम होतो. शेणवे गावचे विशे सर आमच्याच शाळेत पी.टी. शिकवायचे, आता सत्तरीचे आहेत. त्यांच्या मुलानं हे मशीन कल्याणला हौसेनं घेतलं, दोन वर्षं त्यावर टॉवेल वाळवले आणि शेवटी टेम्पोत घालून वडिलांकडं पाठवून दिलं. सरांच्या घरात ते मावेना. मग आलं किन्हवलीला, अण्णा निमशांच्या रिकाम्या पोल्ट्री शेडमध्ये.

पहिल्याच आठवड्यात धरणात होडी चालवणारे एक आजोबा मुद्दाम बघायला आले. सरांनी त्यांना मानानं बसवलं. आजोबांनी अशी काही मूठ ओढली की पंखा घुमायला लागला! पण दर ओढीला ते मान वळवून मागं बघत.

"आजोबा, समोर बघा," सर म्हणाले.

"आन् मागं खडक आला म्हंजे?"

पाचशे मीटर झाल्यावर सरांनी थांबवलं. आजोबा खाली उतरले, मशीनभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ह्यो डबा म्हनतो पाश्शे मीटर. आन् मी तं हितंच हाय!"

तेव्हापासून मशीनचं नाव पडलं वल्हं.

* * *

सरांना कुठूनसं कळलं, की वल्ह्याच्या स्पर्धा असतात आणि त्यात पन्नाशी, साठी, सत्तरीचे वेगळे गट असतात. झालं! दुसऱ्या दिवशी त्यांनी अण्णांच्या आणि माझ्या हातात एकेक कार्ड दिलं. "आपलं ध्येय लिहा."

मी लिहिलं, "दोन हजार मीटर दहा मिनिटांच्या आत." सरांनी मान डोलावली.

अण्णा सहासष्ट वर्षांचे. तरुणपणी कबड्डीत त्यांची चढाई बघायला मुरबाडहून माणसं यायची. आता दोन्ही गुडघे बोलतात. त्यांनी लिहिलं, "विशे सरांना हरवायचं."

"अण्णा, ध्येय आपल्या हातातलं असावं. मी उद्या चांगलं ओढलं तर तुम्ही काय करणार?"

"तुमच्या चहात साखर जास्त घालीन."

सरांनी ते खोडून "आठवड्यातून तीन दिवस, न चुकता" असं लिहायला लावलं. अण्णांनी लिहिलं, पण तोंड वाकडं करून.

मग पहिली चाचणी. अण्णा असे सुटले की आम्ही बघतच राहिलो. तीनशे मीटर गेले, चारशे गेले. चेहरा आधी लाल, मग जांभळा. साडेपाचशेला मूठ सुटली आणि अण्णा सीटवरून घसरून जमिनीवर बसले.

सर धावले. "अहो, श्वास का घेत नव्हता?"

अण्णांना दोन मिनिटं बोलताच येईना. मग म्हणाले, "दम सोडला की बाद ना!"

* * *

मशीनच्या डब्यात आपण ओढलेलं सगळं साठून राहतं. एकदा सर जुने आकडे चाळत होते आणि मध्येच थबकले. आमच्यापैकी कुणाच्याच नसलेल्या नोंदी. पहिल्या दिवशी चाळीस मीटर. दुसऱ्या दिवशी त्याहून थोडं जास्त. मग आणखी थोडं. असं करत करत नऊशे मीटरपर्यंत. एक दिवस खाडा नाही.

"अण्णा, तुम्ही चोरून येता?"

"मी? चाळीस मीटरला? माझी इज्जत काढता काय?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी कानांना हात लावले.

"कुणीही असो," सर म्हणाले, "ध्येय म्हणजे काय ते ह्या माणसाला आपल्या तिघांपेक्षा चांगलं कळलंय."

कोपऱ्यात झाडू थांबला. हिरू उघडे, साठीच्या आसपासची, गावाबाहेरच्या वाडीवर राहणारी. पोल्ट्री चालू होती तेव्हा पिल्लं हीच सांभाळायची. आता रोज सकाळी शेड झाडायला येते आणि एरवी दुसऱ्यांच्या शेतावर जाते. ती खाली बघत म्हणाली, "मी वढलं सर. धूळ पुसाय बसली, तं ते सरकलं."

"आणि रोज थोडं थोडं वाढवायचं कुणी शिकवलं?"

"रोज धा वढी जास्त. पिल्लांना खाद्य आमी असंच वाढवायचो. येकदम टाकलं तं मरतात."

सरांनी खिशातून एक कोरं कार्ड काढून तिच्यापुढं धरलं. हिरूनं पदराला हात पुसून ते घेतलं.

* * *

सरांचं म्हणणं, आपल्या वयात नुसतं एकच मशीन ओढून भागत नाही. कंबर, खांदे, मांड्या, सगळ्यांना वेगवेगळं काम पाहिजे. ह्याला ते क्रॉस-ट्रेनिंग म्हणतात. "आठवड्यातून दोन दिवस दुसरा व्यायाम!" अशी पाटीच त्यांनी शेडवर लावली.

आणि नेमकी आवणी आली. भाताची लावणी सुरू झाल्यावर वल्ह्याकडं कोण बघतंय? दहा दिवस शेड रिकामी. अकराव्या दिवशी सर हजेरीचं रजिस्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून थेट अण्णांच्या शेताच्या बांधावर!

तिथं हिरू ओळीतल्या सगळ्या बायांच्या पुढं, कमरेत वाकून रोपं लावत मागं मागं सरकत होती. सर तासभर छत्री धरून बघत उभे राहिले. मग रजिस्टर उघडून त्यांनी लिहिलं, "क्रॉस-ट्रेनिंग : हजर."

तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण पी.टी.चे शिक्षक ते! पँट दुमडून चिखलात उतरले. अर्धा तास लावणी केली. रोपंही बरी लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर शेडमध्ये आले ते काटकोनात.

हिरूनं झाडू ठेवून त्यांना खुर्ची दिली आणि अगदी काळजीनं विचारलं, "सर, काल किती सेट झालं?"

* * *

माझ्या वाट्याला सायकल आली. किन्हवलीहून शहापूरच्या रस्त्यानं सहा किलोमीटर जायचं आणि तितकंच परत. बासष्टाव्या वर्षी पंजाबी ड्रेस घालून मी निघाले.

पण तीस वर्षं ज्या गावात शिकवलं तिथल्या रस्त्यावर बाईंनी सायकल चालवायची म्हणजे काय, ते सरांना काय ठाऊक! पहिल्याच वळणावर एक मोटरसायकल थांबली. "बाई, काय झालं? घरी काका बरे आहेत ना?" बरे आहेत म्हटलं. पुढं एक रिक्षा. "बाई, गाडी बंद पडली का?" नाही रे बाबा. मग एक आजीबाई बांधावरून ओरडल्या, "बाये, पोरं लक्ष देत नायत काय गो?"

तीन किलोमीटरवर टेम्पो आडवा लागला. माझाच विद्यार्थी, सातवीत दोनदा बसलेला. मी व्यायाम, व्यायाम म्हणतेय, तोवर त्यानं सायकल उचलून मागं टाकली आणि मला पुढं बसवून टेम्पो किन्हवलीकडं वळवला. "बाई, तुमी मला लय मारलंय. पर आसं उन्हात मी तुमाला सोडणार नाय."

सरांच्या रजिस्टरात खोटं कसं लिहायचं? मी लिहिलं, "सायकल, सहा किलोमीटर. पैकी तीन टेम्पोत."

सरांनी खाली लाल शाईनं शेरा मारला, "टेम्पोचा वेळ काय लागला?"

* * *

एक किस्सा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, पण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

अण्णांना ओढताना शिव्या द्यायची सवय. मशीनला, पंख्याला, गुडघ्यांना, कधी सरांना. दर चार ओढींना एक. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. त्या दिवशी स्पर्धेला दोन महिने होते. अण्णा ओढत होते, मी वेळ लिहीत होते, सर माझ्याशी बोलत होते. सगळं नेहमीसारखं.

हिरू एकदम पुढं आली. "सर, अण्णा शिव्या देत नायत."

सरांनी वळून पाहिलं. अण्णांचा चेहरा राखेसारखा झालेला, हात मात्र चालूच. सरांनी मूठ धरून थांबवलं. "काय होतंय?"

"गॅस हाय."

"डावा हात?"

"तोही... गॅसच."

पुढचं फार सांगत नाही. शेजाऱ्याच्या गाडीतून शहापूर, तिथून पुढं मोठ्या हॉस्पिटलात. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. अण्णांच्या हृदयात स्प्रिंग बसली.

सरांनी शेडला कुलूप लावलं. "माझ्या हौसेपायी माणूस गेला असता," एवढंच म्हणाले. मी आणि हिरू रोज जाऊन कुलूप बघून परत यायचो. पंधरा दिवसांनी अण्णा स्वतः सरांच्या दारात, बायकोचा हात धरून. "किल्ली द्या. मी नाय वढत. पण सकाळी बसायचं कुठं माणसानं?"

शेड उघडली. पुढं डॉक्टरांनीच अण्णांना हळूहळू ओढायची परवानगी दिली. सरांनी सगळ्यांनाच नवा नियम घातला. हलकं ओढायच्या दिवशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर थांबायचं.

अण्णांनी मला विचारलं, "बाई, शिवी वाक्यात धरतात का?"

"क्रियापद असेल तर," मी म्हटलं.

* * *

आता स्पर्धेचं.

मुंबईजवळच्या एका मोठ्या हॉलमध्ये ओळीनं मशीनं मांडलेली. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर कोण किती मीटरवर आहे ते दिसतं. जीपनं आम्ही चौघं गेलो. अण्णा फक्त बघायला. हिरूच्या आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी आणि साल कुणीतरी अंदाजानं घातलेलं, त्यामुळं ती साठीच्या आतल्या गटात गेली. "माजं वय सरकारनं कमी केलं," म्हणत तिनं ओढलं आणि दुसरी आली! माझी दहा मिनिटं चार सेकंद झाली. चार सेकंद. जाऊ दे.

शेवटी सत्तरीच्या पुढचा गट. विशे सर.

आम्ही इतक्या वर्षांत सरांना शर्यतीत कधी पाहिलंच नव्हतं. ते नेहमी शिट्टीच्या ह्या बाजूला. त्या दिवशी तीनदा बाथरूमला जाऊन आले. पण सुरुवात झाली आणि त्यांनी काय सुंदर ओढलं! ना घाई, ना झटका. हजार मीटरला पाचवे, दीड हजाराला तिसरे. घामानं चष्मा धूसर झाला, तसा त्यांनी एका हातानं काढून मांडीखाली सरकवला. अण्णा उठून उभे राहिले. मी त्यांचा सदरा ओढून त्यांना खाली बसवलं.

तेवढ्यात पलीकडच्या मशीनवरचे गृहस्थ पहिले आले. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट. सरांना समोरचा आकडा दिसत नव्हता. त्यांना वाटलं, संपलं. त्यांनी मूठ ठेवली, पायाच्या पट्ट्या सोडल्या, उठले, तोंड पुसलं आणि लोकांकडं बघून नमस्कार केला.

पडद्यावर त्यांच्या नावापुढं अजून ऐंशी मीटर बाकी होते!

"सर, बसा! सर, राहिलंय!" मी ओरडले. अण्णाही ओरडले. सगळा हॉल ओरडायला लागला. सरांनी काय करावं? शाळेच्या मैदानावर करायचे तसा हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "शांत राहा! शिस्त पाळा!"

इकडं चौथा माणूस जवळ येतोय.

माझ्या शेजारी हिरू उभी राहिली. ही बाई सरांसमोर कधी खुर्चीवर बसली नव्हती. मान वर करून त्यांच्याशी बोलली नव्हती. तिनं पदर कमरेला खोचला आणि साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशी हाक दिली.

"ए विशे! बस खाली! वढ!"

सर धप्पकन बसले. पट्ट्या न बांधताच ओढायला लागले. चौथे आले. थोडक्यात गेलं.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये हिरू मागच्या सीटवर पदर तोंडाशी धरून बसलेली. सर पुढं, खिडकीबाहेर बघत. अण्णांनासुद्धा शिवी सुचली नाही. किन्हवलीला उतरताना हिरू मला हळूच म्हणाली, "बाई, उद्यापासून मी येत नाय."

सोमवारी सकाळी मीच वाडीवर जाऊन तिला घेऊन आले. शेड आधीच उघडी होती. सर एकटेच मशीनवर बसलेले, पाय पट्ट्यांत, चष्मा हातात, हात मांडीवर. आम्हाला बघून उठायला लागले, मग बसले. हिरूनं त्यांच्याकडं न बघता झाडू हातात घेतला.

"हिरूताई," सर म्हणाले, "आज मला किती ओढायचंय?"

झाडू थांबला. 

"आदी चष्मा घाला," हिरू म्हणाली.