नटांवरच्या विभूतीच्या रेघा

आमच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची, फटफटी माझ्यापेक्षा वयाने मोठी आणि लाडही तिचेच जास्त. मी माहेरी पेडगावला गेले की आधी तिची खबर ऐकायची, मग माझ्या सासरची चौकशी. यंदा तिच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवून त्याखालचं गॅस्केट बदलायचं होतं.

हेडचे चार नट कसे आवळायचे हे मी अण्णांकडूनच शिकले. एक आवळला की त्याच्या तिरप्या समोरचा घ्यायचा. आधी हलके, मग जरा जास्त, शेवटी पुरते. एकच गच्च केला तर हेड वाकडं बसतं. झालं की विभूतीची वडी ओली करून काडीने प्रत्येक नटावरून खाली हेडपर्यंत रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली, की नट फिरला समजायचं. आई चिडायची, "देवाची विभूती इंजिनाला लावायलेत." अण्णा म्हणायचे, "त्याला बी कपाळ हाय की."

या वेळीही पाना त्यांनीच घेतला. हात थरथरत होता, पकड सुटत होती, तरी मला हात लावू दिला नाही. रेघाही ओढल्या, मुंगी चालल्यासारख्या वाकड्यातिकड्या. गाडी सुरू केली तर हेडखालून फुसफुस यायला लागली. अण्णांना हल्ली कमी ऐकू येतं. "बेस झालं," म्हणून ते जेवायला गेले.

नट ढिले राहिलेत, एवढंच सांगायचं होतं. मी त्यांना जेवायला वाढलं. दुपारी ते झोपले, इंजिन निवलं, तेव्हा मी चारी नट नीट आवळले, त्यांच्या रेघा पुसल्या आणि नव्या ओढल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं सारखं दाराकडे बघत होते.

उठल्यावर अण्णा चष्मा लावून इंजिनावर वाकले. एकेक रेघ बघितली.

"लय सरळ आल्यात की गं माझ्या रेघा," ते म्हणाले.

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पाना पुसला, फडक्यात गुंडाळला आणि माझ्या पिशवीवर ठेवला.

गाडी थोडी चालली की नट पुन्हा तपासावे लागतात, म्हणून मी परवा पुन्हा पेडगावला गेले. पाना त्यांच्यापुढे धरला. "तूच आवळ," म्हणाले. आवळले. मग विभूतीची वडी ओली करून पुढे केली, म्हटलं निदान रेघा तरी तुम्ही ओढा.

अण्णा बाजेवर बसले होते. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"तुझ्या सरळ येत्यात," म्हणाले.