दारात उभा राहिलेला कोच

माझ्या नवऱ्याला कॉलेजनं काढलं. का काढलं ते मी सांगते, कारण टीमच्या पालकांच्या त्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे चाललंय ते वाचून माझं डोकं फिरायची वेळ आलीय. कुणी म्हणतंय हरला म्हणून काढलं. कुणी म्हणतंय राजकारण झालं. राजकारण कसलं डोंबलाचं!

नवरा म्हणजे निशिकांत. फुटबॉलचा कोच. इथं सिंगापुरात बुकित तिमाहच्या बाजूला एक खासगी कॉलेज आहे, नाव घेत नाही, वकिलानं तोंड आवरायला सांगितलंय. त्या कॉलेजच्या टीमला तो शिकवायचा. मी सुलेखा. आम्ही राहतो चोआ चू कांगला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. मुलगी जाई, पंधरा वर्षांची. आणि आम्ही मूळचे कोल्हापूरचे. हे खरं तर आधी सांगायला पाहिजे होतं, कारण सगळं तिथनंच सुरू होतं.

कोल्हापुरात कुस्ती असते हे जगाला माहीत. पण फुटबॉल असतो म्हटलं की पुण्यामुंबईची माणसं हसतात. हसा बापडे! आमच्याकडं पेठेपेठेत तालीम, तालमीची आपली टीम, आणि मॅच असली की गल्लीत चिटपाखरू दिसायचं नाही. निशिकांतच्या डाव्या भुवईवर जी खूण आहे ना, ती समोरच्या टीमनं दिलेली नाही. गल्लीत परतल्यावर आमच्याच माणसानं वीट मारली होती, फायनलला पेनल्टी चुकवली म्हणून. शर्ट रक्तानं भिजलेला आणि हा येडा हसत होता. मी माडीवरून बघत होते. तेव्हाच ठरवलं, लग्न करायचं तर ह्याच्याशी. लोक विचारतात, काय बघितलंस त्याच्यात? फुटलेलं डोकं बघितलं, दुसरं काय!

त्या हरलेल्या मॅचच्या दुसऱ्या दिवशी आमचे वस्ताद, म्हणजे टीमला शिकवणारे म्हातारे, तालमीच्या दारात येऊन उभे राहिले. ही आमच्या तालमीची रीत. टीम हरली की शिकवणाऱ्यानं दारात उभं राहायचं, हात मागे बांधायचे. ज्याला जे बोलायचंय ते त्यानं समोर येऊन बोलायचं. आईबहिणीवरून बोला, ढकला, काय वाटेल ते करा. त्यानं उलट उत्तर द्यायचं नाही. सगळ्यांचं बोलून झालं की त्यानं स्वतःच्या हातानं चहा द्यायचा. चहा घेतला की मिटलं. पुढचा सीझन संपेपर्यंत एक शब्द काढायचा नाही. ज्याचं पोट अजून भरलं नाही त्यानं चहा घ्यायचा नाही, त्याला बोलायची मुभा. त्या दिवशी एका बाईनं वस्तादांना चप्पल फेकून मारली. वस्तादांनी ती उचलली, तिच्या पायापाशी ठेवली आणि म्हणाले, "घाल बाई, पाय भाजतील." मग तिनंच पहिला चहा घेतला.

आता सिंगापूर. कॉलेजच्या टीममध्ये निम्मी पोरं आपल्याकडची, त्यामुळं शनिवारी मॅचला सगळ्यात जास्त आवाज मराठी आईबापांचा. पहिल्या वर्षी टीम जिंकली तेव्हा निशिकांतला खांद्यावर घेऊन नाचले. ह्या वर्षी हरायला लागली. चांगली पोरं पास होऊन गेलेली, नवीन कच्ची. हे त्यांना समजत नव्हतं असं नाही. पण हरणाऱ्याला कुणी वाली नसतो.

ग्रुपमध्ये दोन तट पडले. काढा म्हणणाऱ्यांचा पुढारी अनिमेष. मूळचा पुण्याचा, बँकेत मोठा माणूस. त्याचा आर्यन आमच्या टीमचा गोलकीपर. अनिमेष कधी शिवी द्यायचा नाही. "वैयक्तिक काही नाही हं, पण सरांच्या पद्धती कालबाह्य आहेत," असं लिहायचा. हे "वैयक्तिक काही नाही" वाचलं की मला त्याचं नरडं धरावंसं वाटायचं. अरे, माणसाच्या पोटावर पाय देतोस आणि वैयक्तिक नाही? निशिकांतचा इथं राहायचा पास नोकरीवर. नोकरी गेली की बिऱ्हाड उचला आणि चला. जाईची शाळा, मैत्रिणी, सगळं इथं. तिला तर कोल्हापुरात चुलत भावंडांशी चार वाक्यं मराठीत बोलता येत नाहीत.

राहू दे म्हणणाऱ्यांचा पुढारी माझाच धाकटा भाऊ, कुशल. मॅचला यायचा म्हणून त्यालाही ग्रुपात घेतलेलं. टॅम्पिनीसला राहतो, आयटीत आहे, इथला पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी. दाजी म्हणजे त्याचा देव. लहानपणी दाजींचे बूट पुसायचा. अनिमेषनं एक ओळ लिहिली की हा गाडी चालवता चालवता पाच-पाच मिनिटांचे आवाज रेकॉर्ड करून टाकायचा, आणि त्यात अशा शिव्या की मी जाईसमोर ते लावायचं बंद केलं. मी त्याला म्हटलं, "कुशल, तू दाजींची बाजू घेतोस का त्यांच्यासाठी खड्डा खणतोस?" तर म्हणतो, "आक्का, तू गप. मी हाय न्हवं."

मग ती मॅच झाली. पहिल्या अर्ध्यात आर्यननं तीन गोल खाल्ले आणि मध्यंतराला निशिकांतनं त्याला बाहेर बसवलं. अनिमेष गोलच्या मागं उभा राहून अख्खा वेळ ओरडत होता. पोराला बाहेर बसवलेलं बघितल्यावर त्यानं हातातली पाण्याची भरलेली बाटली भिरकावली. ती निशिकांतच्या कानशिलावर बसली आणि तो खाली गुडघ्यावर आला. कुशल कुठनं आला काय माहीत, त्यानं अनिमेषची कॉलर धरून त्याला कुंपणावर आपटला. जाळीचा ठसा उठला गालावर. चार माणसांनी ओढून काढलं दोघांना. आपण हरलो, हे वेगळं सांगायला नको.

कॉलेजच्या मॅनेजर बाईंनी निशिकांतला बोलावून घेतलं. बाई भली. म्हणाली, हरण्याचं आम्हाला काही नाही, टीम नवीन आहे. पण हे पालकांचं भांडण थांबवा. थांबलं तर अजून दोन वर्षं तुम्हीच. बास, एवढंच होतं! भांडण थांबलं की नोकरी राहिली. आणि भांडण थांबवायचं म्हटल्यावर माझ्या नवऱ्याला काय आठवावं? वस्ताद!

त्यानं ग्रुपवर लिहिलं, रविवारी संध्याकाळी आमच्या ब्लॉकखाली या. ज्याला जे बोलायचंय ते माझ्या तोंडावर बोला. चहा माझ्याकडून.

जाई तिच्या इथल्या तोडक्या इंग्रजीत म्हणाली, "पप्पा, कॅनॉट ला. इथं लोक कम्प्लेंट करतात, येऊन ओरडत नाहीत. लेटर समबडी कॉल पोलीस."

"ओरडतील गं," निशिकांत म्हणाला. "ओरडले की मोकळे होतील. माणूस आहे शेवटी."

मी गणपतीतलं मोठं पातेलं काढलं. आलं घातलं, वेलची घातली. मलाही वाटलं होतं, होईल काम. खोटं कशाला बोलू?

आली पंधरा-वीस माणसं. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, खांबांच्या मध्ये, घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. निशिकांत लिफ्टच्या दारापाशी हात मागे बांधून उभा राहिला. आणि कोणी बोलेना! ग्रुपवर वाघ होते सगळे. इथं एकजण बुटाकडं बघतोय, एकजण विचारतोय इकडे पार्किंग मिळतं का. निशिकांत म्हणाला, "अहो, बोला की. शिव्या घाला. मी उत्तर देणार नाही."

शेवटी अनिमेष उठला. "सर, वैयक्तिक काही..." एवढं म्हणाला आणि थांबला. मग त्याचा चेहराच फिरला. "वैयक्तिकच आहे!" तो किंचाळला. "माझं पोर बाथरूममध्ये कोंडून घेऊन रडतं. जेवत नाही. सगळ्यांसमोर काढलंत तुम्ही त्याला, नालायक माणूस!" आणि त्यानं दोन्ही हातांनी निशिकांतच्या छातीवर मारायला सुरुवात केली. एक, दोन, चार, धपाधप. निशिकांत मागे सरकला, परत जागेवर आला. हात मागेच.

मला माहीत होतं आर्यनला का काढलं ते. मध्यंतराला त्यानंच निशिकांतला सांगितलं होतं, कोच, मला बाहेर काढा, बाबा गोलच्या मागे आहेत. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. निशिकांतनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. उत्तर द्यायचं नाही म्हणजे नाही.

अनिमेष मारता मारता दमला. त्याचा श्वास लागला, डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, आणि त्यानं निशिकांतच्या खांद्यावर डोकं टेकलं. झालं होतं हो काम! पातेलं शेगडीवर उकळत होतं, मी कप मांडायला वाकले होते.

आणि कुशल आला. उशिरा आला होता मेला, त्यानं फक्त अनिमेषला दाजींच्या अंगाला भिडलेला बघितला. "दाजींवर हात टाकतोस?" म्हणत त्यानं अनिमेषला मागं खेचला आणि नाकावर डोकं हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मला चहाच्या पातेल्यापाशी ऐकू आला. मग काय! जी माणसं तोंड उघडत नव्हती ती खुर्च्या घेऊन एकमेकांवर धावली. एकाच्या कपाळावर खुर्चीचा पाय बसला. एकजण दुसऱ्याला खांबापाशी पाडून लाथा घालत होता, आणि दोघं सहा महिने एकाच गाडीतनं मॅचला येत होते. फरशीवर रक्ताचे थेंब, त्यावर बुटांचे ठसे. निशिकांत सगळ्यांच्या मध्ये घुसून ओरडत होता, "अरे चहा घ्या! चहा घ्या रे!"

अनिमेष तोंडावर रक्त घेऊन उठला आणि कुशलच्या अंगावर गेला. कुशलनं हाताला आलं ते उचललं. पातेलं.

मी ओरडले. निशिकांत माझ्या ओरडण्याकडं वळला नाही, तो कुशलकडं पाठ करून अनिमेषच्या पुढं गेला. उकळता चहा त्याच्या मानेवर, पाठीवर, उजव्या खांद्यावर, हातावर पडला. तो ओरडला नाही. "आई" एवढंच म्हणाला आणि खाली बसला. शर्टला हात लावायला गेले तर शर्टाबरोबर कातडी आली. आलं-वेलचीचा वास येत होता. मी त्या दिवसापासून वेलचीचा डबा उघडलेला नाही.

पोलीस आले, अँब्युलन्स आली. वरच्या मजल्यावरनं कुणीतरी व्हिडिओ काढला होता, तो रातोरात सगळीकडं गेला. कुशलला बेड्या घालून नेलं. जामिनावर सुटलाय, केस उभी राहील, आणि ह्या देशात उकळतं अंगावर टाकण्याला थट्टा समजत नाहीत. मॅनेजर बाईंचा फोन आला तेव्हा निशिकांत हॉस्पिटलमध्ये पालथा पडलेला. फोन मी घेतला. ती रडत होती. म्हणाली, हरत राहिले असते तरी ठेवलं असतं हो, आता कशी ठेवू?

आणि आता ग्रुपवर सगळ्यांना पुळका आलाय. सरांना परत आणा. सह्या करा. अनिमेषनं पहिली सही केली, नाकाला पट्टी असताना. त्याला मी काय बोलू? काढा काढा म्हणून बोंबलणाऱ्यानं माझ्या नवऱ्याला काढलं नाही. राहू दे म्हणणाऱ्यानं घालवलं. माझ्या पाठच्या भावानं.

काल कुशल आला. घरात खोकी बांधून ठेवलेली, जाई आत हेडफोन घालून बसलेली. आठवडाभरात आम्ही जातोय. बेल वाजली, दार उघडलं, तर तो आत येईना. उंबऱ्याबाहेर उभा, हात मागे बांधलेले.

मी त्याला मारलं. हो, मारलं. तोंडात मारलं, डोक्यात मारलं, चपलेनं मारलं. "माझं घर मोडलंस, माझ्या पोरीचं मोडलंस, ह्याच्या पाठीकडं बघ, बघ तुझ्या देवाकडं!" त्याचा ओठ फुटला, हनुवटीवरनं रक्त शर्टावर आलं. समोरच्या चिनी आजीनं दार उघडलं आणि परत लावलं. त्यानं मान खाली घातली नाही की हात पुढं आणला नाही. माझा हात दुखायला लागला तेव्हा मी थांबले.

मग त्यानं मागचे हात पुढं घेतले. बोटांना दोरीनं लटकवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, दोन. खालच्या हॉकर सेंटरमधला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारातला चहा, इथं नेतात तसा पिशवीत बांधलेला. एवढा मार खाल्ला तरी एक थेंब सांडला नव्हता.

निशिकांत आतून उठून आला. उजवा हात अजून उचलत नाही त्याला. त्यानं डाव्या हातानं एक पिशवी घेतली, नळी तोंडात धरली. वाफ मानेजवळ आली तशी त्यानं मान बाजूला ओढली. पण सगळा प्यायला. मग कुशलच्या फुटक्या ओठाकडं बघून म्हणाला, "साखर लई घातलीया रं," आणि आत जाऊन पालथा झाला. त्याचं मिटलं. एका पिशवीत मिटलं! आता तो कुशलबद्दल कधीही एक शब्द काढणार नाही, मला माहीत आहे त्याचा स्वभाव.

कुशलनं दुसरी पिशवी माझ्यापुढं धरली. "आक्का, घे." रडत होता. लहान असताना गुडघा फुटला की रडायचा, अगदी तसा.

माझा हात पुढं झाला होता, खोटं सांगत नाही. पण मी दार लावलं.

तो गेला, पिशवी दाराच्या कडीला अडकवून. अजून तिथंच आहे, गार झालेली. येताजाता दिसते. मी ती घेतलेली नाही, म्हणून तर तुमच्यापुढं एवढं बोलत बसलेय.