काकांची वॅगन आणि प्रशांतची पिकअप

माझ्या मावशीच्या यजमानांइतका मोटारीला जीव लावणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. दिंडोरीजवळ त्यांचा फुलांचा आणि भाजीचा मळा. नव्वद सालानंतर कधीतरी त्यांनी एक जुनी स्टेशन वॅगन घेतली आणि तेव्हापासून काका तिच्याबद्दल घरातल्या लेकीसारखं बोलू लागले. चढ संपला की ‘दमली असंल’ म्हणून थांबायचे, बॉनेटवर हात ठेवून ताप बघायचे. पहाटे मागची सीट पाडून तिच्यातून कोथिंबीर आणि झेंडू पंचवटीच्या बाजाराला जायचा, आणि दुपारी तीच सीट उभी करून आम्ही अकराजण वणीला. देवीपुढे उभं राहिलो तरी आमच्या अंगाला कोथिंबिरीचा वास यायचा. मावशी पुढे बसून अखंड बोलायची आणि काका रस्त्यापेक्षा तिच्याकडेच जास्त बघत.

त्यांचा मुलगा प्रशांत मळा बघू लागला आणि त्यानं नवी पिकअप आणली. झालं! त्यानंतर घरी आलेल्या पाहुण्याला पाणी मिळायच्या आधी दोन्ही गाड्यांची तुलना ऐकावी लागे. काका टेप घेऊन पिकअप मोजत, दारं आपटून आवाज ऐकवत आणि निकाल देत, "ताकद लय हाय, नाय म्हणत नाय. पण हिच्यात माल बसतो, माणूस नाय बसत." निफाडच्या एका लग्नाला पिकअप पुढे आणि वॅगन मागे अशी आमची वरात निघाली. काका-मावशी पोचले तेव्हा पहिली पंगत उठत होती. प्रशांत चिडला, तर काका शांतपणे म्हणाले, "आम्ही बोलत बोलत आलो."

पुढे वॅगनचे सुटे भाग मिळेनात, पत्रा गंजला, निम्मे दिवस ती मेकॅनिककडेच असे. प्रशांतनं महिनाभर समजूत घातली आणि ती भंगारात गेली. काका भांडले नाहीत. दोन दिवस जेवले मात्र नाहीत.

त्याच पावसाळ्यात एका दुपारी मावशीच्या छातीत कळ आली. पिकअपच्या पुढच्या सीटवर तिला आडवं होता येईना. मग मागे गादी टाकली, वर ताडपत्री बांधली. काका तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले, प्रशांत पुढे एकटा गाडी चालवत होता. नाशिकच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच मावशी गेली. मधल्या पत्र्यामुळे प्रशांतला काहीच ऐकू आलं नाही. दवाखान्याच्या दारात उतरून त्यानं ताडपत्री सोडली तेव्हा कळलं.

दहाव्याला तो मला पुन्हा पुन्हा एवढंच सांगत होता, "वॅगन असती तर आई नीट झोपली असती रे. मला तिचा आवाज तरी आला असता."

वर्षश्राद्धाला गेलो तर ओसरीवर चार पाहुणे बसले होते आणि काकांनी गाड्यांची तुलना काढली होती. मी मनातून घाबरलोच.

"वॅगनचं काय सांगता," ते म्हणत होते, "ती पहिल्याच चढाला बसली असती. पिकअप होती म्हणून हिला शहरापर्यंत तरी नेता आलं. एक हिसका बसला नाय. पोरानं काय चालवली गाडी!"

चहा घेऊन दारात आलेला प्रशांत तसाच आत वळला.

काकांनी वॅगनला नावं ठेवलेली मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. पाहुणे गेल्यावर मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर चुकवली.

"प्रशांतनं ऐकलं ना?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान डोलावली.

"मग बरं झालं," ते म्हणाले, आणि मावशीच्या फोटोचा सरकलेला हार नीट करायला उठले.