शेरा नसलेले लायसन्स

ती घटना आठवली की मला आधी राग येतो, मग हसू येते आणि शेवटी पुन्हा रागच येतो. तो मुख्यतः स्वतःवर.

चाळीसचे दशक संपत आले होते. मी आष्ट्याच्या बाजूच्या एका ठाण्यावर फौजदार होतो. विमा उतरवल्याशिवाय मोटार रस्त्यावर आणायची नाही, हा कायदा तेव्हा नवा होता. आमच्या हद्दीत एका बड्या बागायतदाराकडे मोटार होती. माणूस दिलदार, पण स्टिअरिंग हातात आले की त्याच्या अंगात यायचे. त्याच्या लायसन्सवर तीन शेरे पडले होते. दोन भरधाव हाकल्याचे, एक बैलगाडीला धडक दिल्याचा. सांगलीच्या विमा एजंटाने त्याला स्पष्ट सांगितले होते, "विमा उतरवतो, पण गाडी तुम्ही चालवायची नाही. कोरे लायसन्स असलेला ड्रायव्हर आणा, त्याचेच नाव पॉलिसीत घालू." बागायतदाराने भावकीतला एक पेन्शनर फौजी उभा केला. लायसन्स कोरे करकरीत.

वर्ष व्हायच्या आत त्या मोटारीने सांगली रस्त्यावर एका धनगराला उडवले. तो दुष्काळी माण तालुक्यातून मेंढरे घेऊन चराईला आला होता. चार मेंढरे जागीच मेली. धनगराला मिरजेच्या दवाखान्यात नेले, तिथे त्याचा पाय कापावा लागला.

फौजी आपण होऊन ठाण्यात हजर झाला. "गाडी मीच चालवत होतो साहेब." त्याचा एक गाल तुळतुळीत होता आणि दुसऱ्यावर दोन दिवसांचे खुंट. हे मी पाहिले, आणि पाहून सोडून दिले. जमादाराने लायसन्स बघून ड्रायव्हरचे नाव लिहिले, पंचनामा झाला. प्रकरण सरळ वाटले. सरळ वाटणाऱ्या प्रकरणांनीच मला नोकरीत जास्त छळले आहे.

चौथ्या दिवशी न्हावी माझी दाढी करताना हळूच म्हणाला, "साहेब, त्या टायमाला फौजी माझ्या दुकानात बसले हुते. निम्मी दाढी झालती. मालकाचा गडी पळत आला आन् तसंच घिऊन गेला."

मी फौजीला बोलावले.

"गाडी किती वेगात होती?"

"बेताचीच, साहेब."

"ब्रेक लावला?"

"लावला."

"ब्रेक कुठे असतो?"

"गाडीतच असतोय की."

दोन तास हेच चालले. शेवटी मी त्याला आवारात जप्त करून ठेवलेल्या मोटारीपाशी नेले आणि म्हणालो, "चालू करून दाखवा." तो मोटारीपुढे ताठ उभा राहिला. मग त्याने बॉनेटवर हलकेच दोन थापा मारल्या, जनावराच्या मानेवर माराव्यात तशा.

"मला न्हाई येत, साहेब."

"मग लायसन्स कुठून आले?"

"फौजेच्या कागदावर 'ड्रायव्हर' लिव्हलंय की."

"कसला ड्रायव्हर?"

"खेचरांचा. बारा वर्सं हाकली. एक बी दरीत पडू दिलं न्हाई."

फौजेत खेचरे हाकणाऱ्यालाही ड्रायव्हरच म्हणत. कुठल्याशा कारकुनाने तो एक शब्द वाचला आणि लायसन्स देऊन टाकले. त्यावर शेरा पडणार तरी कसा?

"पण खोटे का बोललात?"

"माझ्या रानाला पानी मालकाच्या विहिरीचं हाय, साहेब. न्हाई कसं म्हनू?"

बागायतदाराला बोलावले, तर तो मलाच समजावू लागला. "आवं साहेब, जरा इचार करा. मी चालवत हुतो म्हणून लिहिलंत तर विमा कंपनी हात वर करणार. त्या गरिबाला भरपाई कोण देणार? खोट्यानं त्याचं भलं होतंय, त्यात तुमचं काय जातंय?"

मी त्याच्यावर ओरडलो. कंपनी हात वर करणार हे मात्र खरे होते, आणि त्याचीच जास्त चीड आली.

दुसऱ्या दिवशी मी मिरजेला गेलो. जमादार आदल्या दिवशीच जाऊन धनगराचा जबाब घेऊन आला होता. मी तो त्याला वाचून दाखवला. ड्रायव्हरचे नाव आले तसा तो म्हणाला, "ह्यो कोन?"

"गाडी चालवणारा."

"छ्या! चालवनारा जाडजूड हुता, झुबकेदार मिशीचा. त्यानंच माझ्या तोंडात पानी घातलं."

"मग जमादाराला का नाही सांगितलेस?"

"सांगितलं की! त्ये म्हनाले, कागदावर दुसरंच नाव हाय, तू शुद्धीवर न्हाईस."

खरे नाव मी लिहिणारच होतो, पण विम्याची गोष्ट त्याच्यापासून लपवणे बरे वाटले नाही. खरे नाव गेले तर भरपाई अडकेल, हे मी त्याला समजावून सांगितले. तो म्हणाला, "खोटं लिवलं तर त्यो उद्या पुन्ना गाडी काडनार. माझी पोरं त्याच रस्त्यानं मेंढरं आनत्यात. खरं लिवा, साहेब."

बागायतदाराला शिक्षा झाली, लायसन्स कायमचे रद्द झाले. फौजीला दंडावर सोडले. कंपनीने अपेक्षेप्रमाणे हात वर केले. मोटार विकून भरपाई देण्याची पाळी बागायतदारावर आली, पण ती धनगराच्या हातात पडेपर्यंत त्याने चराईचे दोन हंगाम कुबडीवर काढले होते.

कागदावर डाग नाही म्हणून मी त्या माणसावर विश्वास ठेवला. त्याने ते काम कधी केले तरी आहे का, हे विचारले नाही. आणि ज्याने सगळे डोळ्यांनी पाहिले होते, तो शुद्धीवर नाही असे आम्ही ठरवून टाकले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत जखमी माणसाचा पहिला जबाब मी स्वतः, त्याच्या उशाशी बसून घेतला. आणि तो पुरा होईपर्यंत दुसरा कुठलाही कागद उघडला नाही.