गरम पाण्याची पिशवी

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आजवर जेवताना वाचत आलोय... करमणूक म्हणून. सरकारी कंपनीत इंजिनिअर आहे. मशीन बंद पडलं तर फ्यूज बघतो, लिंबू बांधत नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच जरा ओशाळल्यासारखं होतंय.

आम्ही मूळचे सांगलीकडचे, पण नोकरीमुळे कित्येक वर्षं बंगलोरात, यशवंतपूरला. एकुलती एक मुलगी अनघा लग्नानंतर सर्जापूर रोडला राहते. म्हणायला एकच शहर, पण तिच्याकडे पोचायच्या वेळात माणूस तुमकूरला जाऊन इडली खाऊन परत येईल. आणि घरात माझी ओळख म्हणजे गॅसवाले बाबा. साधी ढेकर आली तरी मी तिची बातमी करतो, असं बायकोचं म्हणणं.

गेल्या वर्षी एका सकाळी ऑफिसला निघताना बूट घालायला वाकलो आणि पोटात खाली, उजवीकडे कळ आली. माझ्या नेहमीच्या कळा माझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत. ही परकी होती... ओलं फडकं कुणीतरी सावकाश पिळावं तशी. अपेंडिक्स म्हणावं तर ते कॉलेजातच काढलेलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी सगळीकडे दाबून पाहिलं, तर दाबल्यावर काहीच दुखेना!

"गॅस आहे सर. स्वल्प चाला, कॉफी बंद करा."

"मी काय वेगळं सांगत होते?" बायको म्हणाली. तरी रजा टाकायला लावून तिनं गरम पाण्याची पिशवी भरून दिली. दुपारभर ती पोटावर धरून पडलो. काडीचा फरक नाही. कातडी भाजत होती, पण ऊब आत शिरतच नव्हती. पिशवी निवली की ही बडबडत पुन्हा भरून द्यायची.

संध्याकाळी कळ उजव्या खांद्याच्या टोकाला पोचली. आता मात्र मी अनघाला फोन लावला, स्पीकरवर. माझ्या पोटाच्या कथा न कंटाळता ऐकणारी ती एकटीच.

"अगं, सकाळपासून खाली उजवीकडे फडकं पिळल्यासारखं होतंय. आणि आता खांद्याच्या टोकाला. श्वास घेतला की जास्त."



"बाबा... तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? मला दुखतंय!"

"मला दुखतंय, बाबा. अगदी तिथेच. आईलासुद्धा मी अजून बोलले नाहीये."

हिनं माझ्या हातातून फोन हिसकावला. "अनघा, अंगावर जातंय का?"

"थोडं स्पॉटिंग... कालपासून. नेटवर लिहिलंय, सुरुवातीला नॉर्मल असतं."

"कसली सुरुवात?" मी.

"दिवस गेलेत तिला!" ही खेकसली. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही ही आपली पद्धत, आणि त्या 'कुणाला'मध्ये मी पहिला. मला कळलं की सांगलीपासून सिॲटलपर्यंत कळतं.

जावई निखिल कोरमंगलाच्या ऑफिसात होता. शेवटी अनघाच्या शेजारच्या अक्कांनी तिला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं, निखिल तिकडून निघाला आणि आम्ही इकडून कॅबनं.

"अण्णा, जरा लवकर," ही ड्रायव्हरला म्हणाली.

"सगळा रोड जाम आहे मॅडम, उडून जाऊ का?" मग आरशातून वाकडातिकडा झालेला मी त्याला दिसलो. "सरांना जास्त त्रास होतोय का?"

"यांना नाही. पेशंट मुलगी आहे."

त्यानं पुन्हा एकदा आरशात पाहिलं. 

एका सिग्नलला गाडी उभी असताना माझी कळ थांबली. कमी होत होत नव्हे... दिवा विझवल्यासारखी, एकदम.

"काय झालं?"

"थांबलं."

हिचा चेहरा उतरला. निखिल फोन उचलेना. त्या सिग्नलला मी आयुष्यात पहिल्यांदा दुखणं परत यावं म्हणून हात जोडले. कुणाला, ते विचारू नका.

हॉस्पिटलच्या दारातच निखिल भेटला. "आत्ताच आत घेतलं, बाबा. भूल दिलीय."

गर्भ नळीत अडकला होता. नळी फुटून पोटात रक्त साचलं होतं. खांदा त्यामुळेच दुखत होता, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. गर्भ गेला. ती नळीही काढावी लागली. अनघा वाचली.

नातेवाइकांत मी हीरो झालो. बापाचं काळीज वगैरे. तेवढं मीही योगायोग म्हणून पचवलं असतं. पण नंतर डॉक्टरबाई राउंडला आल्या तेव्हा आम्ही दोघंही तिच्या खोलीत होतो.

"इतकं दुखत होतं तर सकाळीच का नाही आलात?"

"येणारच होते," अनघा म्हणाली. "पण दुपारी बरं वाटायला लागलं. कुणीतरी शेकत असावं तशी छान ऊब... कमी झाली की थोड्या वेळानं परत यायची. म्हणून पडून राहिले."

"घरी शेकलंत का?"

"छे! आमच्याकडे पिशवीच नाही."

ही मोसंबं सोलत होती. तिचे हात थांबले. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. म्हणजे मी पोरीला वाचवलं, की... हे वाक्य मी अजून पुरं केलेलं नाही. अनघाला आम्ही काही सांगितलेलं नाही.

एका डॉक्टर मित्राला विचारलं. जवळच्या माणसाचं दुखणं कधीकधी जाणवतं, मनाचे खेळ असतात, म्हणाला. मग शेक यशवंतपूरहून सर्जापूर रोडला कसा गेला, म्हटल्यावर त्यानं विषय बदलला.  फ्यूज कुठला बघायचा तेच कळत नाही.

तेव्हापासून काहीही दुखलं की गोळीच्या आधी अनघाला फोन. "तुझं काही दुखतंय का गं?"

"नाही हो बाबा! तुमची गोळी तुम्ही घ्या," ती हसते. मग मी घेतो.

कालपासून माझी दाढ ठणकतेय. मघाशी तिला विचारलं. "नाही," म्हणाली... पण म्हणायच्या आधी जरा थांबली. गाल सुजलाय, गोळी समोर टेबलावर आहे, ही आतून ओरडतेय की घ्या एकदाची.

मी सर्जापूर रोडची कॅब बुक केलीय.