कावीळ बंद आहे

बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी सात रस्त्याजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करायचो. दुकान दहाला उघडायचं, कॉलेज अकराला भरायचं. फी दुकानाच्या पगारातून जायची, त्यामुळे फी भरलेल्या कॉलेजात जायला वेळ उरायचा नाही.

त्या वर्षी कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा होती. विषय, ‘विद्यार्थ्यांनी शिकताना नोकरी करावी का?’ बरीचशी भाषणं टाइप करायला आमच्याकडेच आली. ‘करावी’ म्हणणाऱ्या एका भाषणात घाम हा शब्द नऊ वेळा होता. ते लिहिणारा मुलगा स्वतःच्या गाडीतून आला होता, गाडीत एसी होता. त्याला पहिलं बक्षीस मिळालं. प्रमुख पाहुणे श्रमावर पाऊण तास बोलले म्हणे. मी कामावर होतो.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या शिपायाने आणखी एक कागद टायपिंगला आणला. हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसता येणार नाही अशांची यादी. त्यात माझं नाव होतं. ते मीच टाइप केलं आणि सवयीने दोनदा तपासलं.

यादीतून नाव काढायला कारणासह अर्ज करायचा होता. मी खरं कारण लिहिलं. कॉलेज ऑफिसच्या खिडकीतल्या क्लार्कनं अर्ज परत सरकवला.

“नोकरी हे कारण होत नाही. आजारपण लिही.”

आमच्या कॉम्प्युटरवर आजारपणाचा अर्ज तयारच असे. येणारा प्रत्येक जण नुसतं नाव बदलून घेई. मीही बदललं आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खिडकी गाठली.

“कावीळ?” क्लार्क म्हणाला. “कावीळ बंद आहे. अख्ख्या वर्गाला झालीय. दुसरं काहीतरी आण. आणि वडिलांना घेऊन ये, सही लागेल.”

मी टायफॉइड केला.

वडील गावाहून, मंद्रूपहून, पहिल्या एसटीनं आले, धुतलेली टोपी घालून. पोराच्या कॉलेजात ते पहिल्यांदाच येत होते. मी त्यांना सही लागते एवढंच सांगितलं होतं.

क्लार्कनं विचारलं, “मुलाला टायफॉइड झाला होता ना, काका?”

“न्हाय की,” वडील म्हणाले. “लई काटक हाय त्यो. रोज दुकानात असतोय. एक दिवस खाडा न्हाय, मालकाला इचारा.”

मागे रांगेत कोणीतरी हसलं. मी त्यांचा सदरा ओढला. क्लार्कनं पेन खाली ठेवलं.

“काका, कामावर होता असं लिहिलं तर वर्ष जाईल. आजारी होता असं लिहिलं तर परीक्षेला बसेल. काय लिहायचं?”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीच्या गजांकडे पाहत होतो. मग त्यांनी पेन घेतलं आणि एकेक अक्षर जोडत सही केली. त्यांना एवढीच अक्षरं येत.

हॉल तिकीट मिळालं. आम्ही बाहेर रस्त्यावर आलो.

“गावात कुनी इचारलं तर,” वडील म्हणाले, “आजारी हुतास म्हनू का कामाला हुतास?”

मी घड्याळ पाहिलं. जेवणाची सुट्टी संपत आली होती.

“जा,” ते म्हणाले. “खाडा पडंल.”