रुद्राणीच्या लग्नाचा रोल

आमच्या ह्यांना खोटं बोलता येत न्हाई, असं मी चारचौघींत छाती ठोकून सांगायचे. कडा गावात त्यांचा फोटोचा धंदा. साखर कारखान्यावरच्या बायका मला म्हणायच्या, "वैनी, तुमचे मालक फोटो काढताना हसा सुदीक म्हणत न्हाईत." म्हणायचेच न्हाईत! माणूस हाय तसा यावा, उगं दात काढलेला कशाला, हे त्यांचं म्हणणं. कुणाचा डोळा मिटलेला आला तर आपणहून त्याच्या घरी जायचे, चूक झाली म्हणायचे, दुसरा फुकट काढून द्यायचे. मी लई चिडायचे. असल्या माणसाच्या हातून ते झालं, म्हणून तर जिवाला जास्त लागतं.

चौऱ्याण्णवचा उन्हाळा असंल. आमच्या गल्लीतले सिद्धाराम आप्पा, किराणावाले, त्यांच्या रुद्राणीचं लग्न कपिलधारला लागलं. पोरगी बीडला दिलेली. आप्पांचा ह्यांच्यावर लई जीव. स्टुडिओला जागा त्यांनीच मिळवून दिलेली. लग्नाला मीबी गेलते. हे सकाळपासून घामाघूम, गळ्यात कॅमेरा, हातात फ्लॅश, नुसती पळापळ. अक्षता पडल्या, बँड वाजला, पंगती उठल्या, पोरगी रडत गाडीत बसली. सगळं कसं झकास झालं.

आन् नगरला रोल धुवायला गेलेले हे तोंड पाडून परत आले. एकबी फोटो न्हाई. मी म्हणलं, अहो, झालं तरी काय? म्हणले, "कॅमेऱ्याचा पडदा, शटर, अडकला. जुनं मशीन ते." आप्पांनाबी तेच सांगितलं. दुसरा कुणी असता तर त्यानं दुकान डोक्यावर घेतलं असतं. आप्पा ह्यांना काय म्हणावेत? "असू दे रे सिद्धेश्वर. लेक-जावई येऊ दे, परत हार घालून बसवू."

लेक-जावई यायच्या आतच आप्पा गेले. दुकानात गिऱ्हाइकाला साखर मोजता मोजता खाली बसले, ते उठलेच न्हाईत. आमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवतात, भस्म लावतात, हार घालतात आन् घरची माणसं भोवती घेऊन शेवटचा फोटो काढतात. मग मातीला नेतात. तर आप्पांना भिंतीला टेकवून बसवलेलं, रुद्राणी पायाशी, आन् सगळे ह्यांच्याकडं बघायला लागले. हे हात जोडून उभे. म्हणले, "कॅमेरा बंद हाय." आष्टीच्या फोटोवाल्याला बोलवायला माणूस पाठवला, पण तो पोचायच्या आत आप्पांना नेलं. घर धुंडाळलं, तर एका बारशातल्या फोटोत आप्पांचा नुसता पटका दिसत होता. बाकी कायबी न्हाई.

तव्हापासून ह्यांनी कामं परत पाठवायला सुरुवात केली. कुणी लग्नाची सुपारी घेऊन आलं की एकच, कॅमेरा बंद हाय. अख्खं गाव ह्यांना सांगायला लागलं, नवा घ्या. तव्हा बाजार नुकता खुला झालेला. आधी जे जपानी कॅमेरे चोरून-लपून यायचे, ते आता काचेच्या कपाटात मांडून ठेवायचे. ह्यांनी असल्याच एका कॅमेऱ्याचं चकचकीत चित्राचं चोपडं कुठून तरी आणलेलं. दिवसभर उघडून बसायचे आन् मी आले की झाकायचे. किंमत ऐकून मी खालीच बसले होते, खोटं कशाला बोलू. पण धंदा बसलेला बघवंना. म्हणलं, माझ्या माहेरच्या पाटल्या हायत की, त्या काय चाटायच्या हायत?

तर हा माणूस अंगावरच आला. "पाटल्यांना हात लावायचा न्हाई!"

"कावून न्हाई? माझ्या हायत."

"मला कॅमेरा नको."

"मग चोपडं कावून बघता रात्रंदिवस?" ह्यांनी चोपडं उशीखाली सारलं. असा राग आला मला! घ्यायचा बी न्हाई, सोडायचा बी न्हाई, नुसतं मढ्यासारखं बसायचं.

अशात रुद्राणीची आई पाणी भरताना माझ्याजवळ रडली. म्हणली, सासरी लेकीला घालूनपाडून बोलतात. हिच्या अक्षता पडल्या आन् कॅमेरा मेला, मग बाप मेला, आता कुणाचा नंबर? हळदी-कुंकवाला पुढं होऊ देत न्हाईत. दिराच्या साखरपुड्याला तर माडीवर बसवून ठेवली. मी घरी येऊन तावातावानं हे सगळं सांगितलं. ह्यांच्या हातातला घास तसाच राहिला. ताट सारून उठले आन् जाऊन स्टुडिओत अंधारात बसले. मला वाटलं, भाजी खारट झाली.

शेवटी मीच उठले. पाटल्या पदराला बांधल्या, जुना कॅमेरा पिशवीत टाकला आन् ह्यांना एसटीत बसवून बीडला नेलं. तिथल्या कॅमेऱ्याच्या दुकानदारानं तो चोपड्यातलाच मोठा कॅमेरा पुण्याहून मागवून ठेवलेला. काय त्याचा रुबाब! दुकानदार सांगत होता, "रोल नुसता आत ठेवा, हा आपणच ओढून घेतो. रोल नीट धरला न्हाई तर फोटोच काढत न्हाई. माणसाच्या चुकीला जागाच न्हाई." हे ऐकून ह्यांनी काउंटरची कड घट्ट धरली. मी म्हणलं, जुना घेता का बदल्यात? त्यानं जुना कॅमेरा हातात घेतला, मागचं झाकण उघडलं, उजेडाकडं धरून चार-पाच वेळा बटण दाबलं.

"ह्याला काय झालंय? पडदा एक नंबर चालतोय," दुकानदार म्हणला.

"कधी दुरुस्त केला?" मी ह्यांना विचारलं. ह्यांनी त्याच्या हातातून कॅमेरा काढून घेतला आन् पिशवीत टाकला. मी पाटल्यांची गाठ परत आवळली आन् बाहेर आले.

दुकानाच्या पायरीवर बसून बोलले मग. सकाळी बँड सुरू झाला, घाईत रोल भरला, रोलचं टोक आत अडकलंच न्हाई. रोलात छत्तीसच फोटो बसतात; छत्तीस झाले, तरी कॅमेरा अडायचा सोडून पुढं पुढं चाललेला, तव्हाच त्यांना कळलं की रोल जागचा हललेला न्हाई. झाकण उघडून परत लावता आला असता. पण भोवती शंभर माणसं. लाज वाटली. वाटलं, नंतर नवरा-नवरीला स्टुडिओत बोलावून काढू, कुणाला कळणार हाय?

"कळलं तव्हा काय चाललं होतं तिथं?" मी विचारलं.

"पोरगी निघाली होती. आप्पा म्हणले, आमचा बापलेकीचा एक घे रे."

"मग?"

"घेतला," म्हणले, आन् तोंडात उपरणं कोंबून लहान लेकरासारखे रडायला लागले.

माझ्या तोंडाला आलं होतं लई काय काय. भर बाजारात शिव्या दिल्या असत्या मी. पण डोळ्यासमोर माडीवर बसवून ठेवलेली पोरगी आली. म्हणलं, उठा. तिचं घर ह्याच गावात हाय.

"धंदा जाईल," हे म्हणले.

"जाऊ द्या," मी म्हणलं.

रुद्राणीच्या सासूनं ओसरीवर सतरंजी टाकली. हे बसले न्हाईत. सासू, सासरा, दीर, शेजारच्या दोन बायका, सगळ्यांच्या समोर कॅमेरा पिशवीतून काढला आन् बटण दाबून दाखवलं. "ह्यो चांगला हाय. तव्हाबी चांगलाच होता. रोल मी नीट लावला न्हाई, आन् कळल्यावर झाकलं. ह्या पोरीचा कसला पायगुण न्हाई, माझी चूक हाय. आप्पांचा शेवटचा फोटोबी माझ्या खोट्यापायी राहिला." सासरा लई वाईट बोलला. दीर अंगावर धावून आला. ह्यांनी मान वर केली न्हाई, आन् खरं सांगते, मलाबी मधी पडावं वाटलं न्हाई. सासू तेवढी सुनेकडं बघत राहिली, मग हळूच म्हणली, "ये गं, खाली बस."

रुद्राणी बसली न्हाई. पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी होती. म्हणली, "काका, आप्पांच्या मातीला तुमीच मला म्हणलं होतं, कॅमेरा दुरुस्त झाला की आत अडकलेले फोटो निघतील. मी घरात सगळ्यांना रोज सांगते, आमचा बापलेकीचा फोटो आत हाय, निघंल एक दिवस. मला चांगलं आठवतं ना, आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आन् लख्खकन उजेड पडला."

मीच ह्यांचं उपरणं ओढलं, सांगा म्हणलं.

"तो नुसता उजेडच होता, बाळा," हे म्हणले.